सुध्याच्या मोटरहोममागे कारचं टोचन

त्रिमूर्तीनगर, नागपूर
२७ मे

प्रिय सुध्या,

नवतपा सुरू झालाय. दुपारी कूलरसमोरून उठवत नाही, तेव्हा पत्र लांबणार, वाचून घे.

तिकडे अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे तुझं चाकांवरचं घर, घेऊन फिरताना मागे कारही ओढून न्यायची, त्यासाठी तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं नीट पाहिली. ब्लू ऑक्सचा टो बार, म्हणजे कार मोटरहोमला जोडायचा दांडा, घेऊ की रोडमास्टरचा, असं विचारतोस. कोणताही घे बे, दोन्ही कंपन्या वर्षानुवर्षं हेच काम करताहेत. त्यावर डोकं तापवू नको. मला बोलायचंय ते तू लाल पेनाने खोडलेल्या ओळीवर. ‘मागच्या गाडीचा ब्रेक, नंतर बघू’ असं लिहिलंयस ना, ती.

मी हिंगण्याच्या वर्कशॉपात असताना बंद पडलेली एसटी टोचन करून आणायचो, तेव्हा मागच्या गाडीत कायम एक माणूस असायचा. स्टिअरिंग धरायला, उतारावर हँडब्रेक ओढायला आणि काही बिनसलं तर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन बोंब मारायला. पुढच्याला ऐकू जायची नाही ती गोष्ट वेगळी. आणि हे सगळं बैलगाडीच्या चालीने. आपल्याकडे कायद्यानेही ओढायची ती बंद पडलेलीच गाडी, धडधाकट कार हौसेने मागे बांधून फिरायची सोय नाही. तुमच्याकडे ती चारही चाकांवर साठ मैलांच्या वेगाने मागे पळते आणि आत चिटपाखरू नसतं. म्हणजे त्या माणसाचं एकेक काम कुठल्या ना कुठल्या वस्तूकडून करून घ्यायचं आहे. खरेदी या हिशोबाने कर.

आधी गाडीचं बघू. जावई नवीन हायब्रिड घेऊन देतो म्हणतोय, त्याला तूर्त थांबव. तुझी २०१२ ची सीआर-व्ही या कामाला उत्तम आहे. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरत राहिली की आतले भाग कोरडे घासतात आणि दोनशे मैलांत गिअरबॉक्सचा भुगा होतो. काही गाड्यांची रचना अशी असते की न्यूट्रलमध्ये हे चालून जातं. होंडाने सीआर-व्हीला ती परवानगी २०१४ च्या मॉडेलपर्यंत दिली. २०१५ ला सीव्हीटी, म्हणजे वेगळ्या जातीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आला आणि ती गेली. नवीन गाड्यांतही काही चालतात, पण विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नको. त्या त्या वर्षाच्या मालकाच्या पुस्तकात मोटरहोममागे ओढण्याबद्दल काय छापलंय तेच खरं.

तुझ्या पुस्तकातली कृती मात्र अंगवळणी पाड. इंजिन सुरू करायचं, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवायचा, डीमध्ये पाच सेकंद, मग न्यूट्रल, तीन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद. हँडब्रेक सोडायचा. किल्ली अॅक्सेसरीवर ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊन पुढची चाकं वळणावर फरफटतील. वेग ६५ मैलांच्या वर नाही. घाई असली की माणूस नेमकी ती तीन मिनिटं खातो, आणि तू तर कॉलेजातही प्रॅक्टिकल अर्ध्यात सोडून कँटीनला पळायचास.

आता वजन. तुझं मोटरहोम फोर्ड ई-४५० वर बांधलेलं आहे. गाडीचं स्वतःचं भरलेलं वजन १४,५०० पौंडांपर्यंत आणि ओढणीसकट एकूण २२,००० पर्यंत चालतं. साडेसात हजार शिल्लक दिसतात म्हणून खूश होऊ नको. मोटरहोमच्या मागच्या हिच रिसिव्हरवर, म्हणजे टो बार जिथे अडकवतात त्या खोबणीवर, वेगळा आकडा कोरलेला असतो आणि तो बऱ्याचदा ५,००० च असतो. रिसिव्हर, टो बार, बार धरायला कारला बसवायची बेसप्लेट, यांत जो सगळ्यात कमी, तो तुझा आकडा. तुझी कार साडेतीन हजारांच्या आत-बाहेर, म्हणजे निभेल.

पण सुध्या, ब्रेक. ‘मोटरहोमचे ब्रेक दणकट आहेत’ असं तू लिहितोस. आहेत, पण ते त्या १४,५०० साठी बनवलेले आहेत, २२,००० साठी नाहीत. डोंगर उतरताना दीड टनाची कार पाठीवर लोटत असते, डिस्क तापतात, पेडल खाली जायला लागतं आणि कळतं तेव्हा वळण समोर असतं. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ओढणीला स्वतंत्र ब्रेक सक्तीचा आहे, काही ठिकाणी मर्यादा त्याहून कमी. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

कारच्या या ब्रेकमध्ये दोन जाती आहेत. एक पेटी येते, ती ड्रायव्हरच्या सीटपुढे ठेवायची, तिचा पंजा पेडलला अडकवायचा. स्वस्त, आणि उद्या कार बदलली तर नव्या कारमध्ये जाते. पण प्रत्येक मुक्कामी काढा, ठेवा. दुसरा ब्रेक कारमध्ये कायमचा बसवून घ्यायचा. मुक्कामी तार-नळी काढली की झालं. आपल्या वयाला आणि तुझ्या कमरेला दुसरा बरा. कोणताही घेतलास तरी तो पुढच्या गाडीच्या ब्रेकच्या प्रमाणात लागणारा हवा आणि तो लागला की तुझ्या डॅशबोर्डवर दिवा पेटायला हवा. कारण पेटीची सेटिंग जरा कडक झाली की मागचा ब्रेक घासत राहतो आणि पुढे तुला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे लायनर जळाल्याचा वास ड्रायव्हरला यायचा, तुझ्या मागे तो घ्यायला कोणी नाही.

सोबत ब्रेकअवे स्विच घे. गाडी सुटली तर त्याची तार ओढली जाऊन कारचा ब्रेक आपोआप लागतो. ही तार मोटरहोमच्या चासीला बांध, टो बारला नाही. टो बारच निखळला तर तार त्याच्याबरोबरच जाईल, मग ओढणार कोण? सेफ्टी केबल बारखालून एकमेकींना छेद देऊन लाव.

बारबद्दल एवढंच. मोटरहोमवर राहणारा आणि हात लांब-आखूड होणारा घे, म्हणजे कार इंच-इंच सरकवत बसावी लागत नाही. उंचसखल जागी ताणात अडकलेली पिन निघत नाही, तेव्हा सहज सुटणाऱ्या खटक्याचे जादा पैसे वसूल होतात. बार जमिनीला समांतर राहायला हवा, चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर उंची जुळवणारा ड्रॉप रिसिव्हर लाव. आणि रिव्हर्स विसर. मागे घेतलं की कारची चाकं भलतीकडे वळतात आणि बार वाकतो. पेट्रोल पंपात शिरताना बाहेरची वाट आधी बघ.

कारच्या मागच्या दिव्यांची वायर मोटरहोमला जोडताना डायोड घालून घे, किंवा सरळ वेगळे बल्ब बसवून घे. थेट जोडली तर करंट उलटा शिरून कारच्या इलेक्ट्रॉनिक्सचं वाटोळं होतं. बॅटरीला मोटरहोममधून चार्जिंगची लाइन ओढून घे, नाहीतर किल्ली चालू आणि ब्रेकची पेटी चालू, संध्याकाळी कार सुरूच होणार नाही.

शेजारी स्वस्तात देतोय ती डॉली, म्हणजे कारची पुढची चाकं वर चढवून ओढायची छोटी गाडी, नको. मुक्कामी ती ठेवणार कुठे, आणि तिचे टायर-बेअरिंग ही आणखी एक कटकट.

पहिल्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये फेऱ्या मार, मग हायवेवर दहा मैल जाऊन थांब आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात ने, आधी टेकवू नको. एखादं जास्त तापलेलं असेल तर तिथेच सेटिंग सैल कर. वहिनींना ब्रेकच्या दिव्याकडे लक्ष ठेवायला बसव, तुझ्यापेक्षा त्यांच्यावर माझा भरवसा जास्त आहे.

रिसिव्हरवरच्या आकड्याचा फोटो पाठव. खोडलेली ओळ परत लिहून नवीन कोटेशन घे, तेही पाठव.

तुझा,
वसंता