वरणाचं पाणी नको, वरणच दे

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय अस्मिता,

पुढच्या आठवड्यात बाळाला सहा महिने पूर्ण होतायत आणि त्याला वरचं अन्न काय नि कसं द्यायचं यावर घरात प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, हे फोनवर कळल्यापासून तुला सविस्तर लिहायचं मनात होतं.

उष्टावण हौसेनं कर. मामानं मांडीवर घेऊन खिरीचं बोट चाटवलं तर बिघडत नाही. मध मात्र वर्षाचा होईपर्यंत अजिबात नको, गुटीतूनही नको. त्यात बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे जिवाणू बीजरूपात असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात.

मला कळकळीनं सांगायचंय ते वरणाच्या पाण्याबद्दल. आपल्याकडे पहिला मान त्याचाच! पण त्यानं इवलंसं पोट नुसतं भरतं, अंगी काही लागत नाही. पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि दुधातून तो पुरेसा भरून निघत नाही. म्हणून घट्ट दे. मूगडाळ-तांदूळ मऊ शिजव, घोट, वर साजूक तूप सोड. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये, इतकं दाट. मीठ-साखर वर्षभर नको. त्याला कुठे माहितेय अळणी म्हणजे काय!

नाचणीचं सत्त्व घरीच कर. नाचणी रात्रभर भिजव, फडक्यात बांधून मोड आण, वाळव, मंद भाजून दळ आणि वस्त्रगाळ कर. मोड आल्यानं त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, कॅल्शियम तर भरपूर असतंच. पूर्ण शिजवलेलं अंडंही चालतं. शेंगदाण्याला घाबरू नकोस. बारीक कूट खिमटीत कालवून दे. लवकर सुरू केलं तर त्याची ॲलर्जी होण्याची शक्यता घटते, हे 2015 च्या ‘लीप’ नावाच्या बाळांवरच्या अभ्यासात दिसलंय. अंगावर जास्त इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचार. अख्खा दाणा आणि अख्खं द्राक्ष मात्र अजून काही वर्षं नको.

सुरुवातीला त्याला उमासे येतील. तोंड लाल होईल, खोकेल. आवाज येतोय तोवर तोच घास पुढे ढकलतो, तोंडात बोट घालू नकोस. आवाजच बंद झाला तर मात्र घास अडकलाय. अशा वेळी पाठीत थापा कशा मारायच्या आणि छातीवर दाब कसा द्यायचा, हे बालरोगतज्ज्ञांकडून तू आणि सासूबाई दोघींनी आधीच शिकून घ्या.

दोन-तीन चमच्यांनी सुरुवात कर, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत ने. अंगावरचं दूध चालूच ठेव. त्यानं तोंड फिरवलं की वाटी बाजूला ठेवायची. मोबाईल दाखवून, नाक दाबून भरवायचं नाही, कुणी कितीही म्हणो.

रविवारी कोथरूडला येतेच आहे. येताना मंडईतून लाल भोपळा आणते, तू मऊ भाताचा कुकर लावून ठेव.

तुझी,
माधवी