मावशींची गोधडी हातात घेणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

रोज एवढे पेशंट बघता, आम्ही लक्षात असू की नाही कोण जाणे. खिडकीजवळची खाट, केळीच्या पानांवर निजलेली माझी आई.

तुमच्याकडे यायच्या आधी चार महिने तिचं 'तोंड आलं' होतं. उष्णता म्हणून गुलकंद झाला, जाईचा पाला चघळून झाला, बी कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या संपल्या. मग पाठीवर, छातीवर फोड. नुसता हात लागला तरी फुटायचे, खाली लालबुंद ओली जखम. ब्लाउज चिकटायचा. शेजारी तिचा कप वेगळा ठेवू लागले. आणि लपवत कशाला, आठवडाभर मीही तिचे कपडे वेगळे धुतले.

बायोप्सीत पेम्फिगस व्हल्गॅरिस निघाला. तुम्ही तिच्या पायाशी पडलेली गोधडी उचललीत. "मावशी, ही कुणी शिवली?"

"मीच की."

"कातडीच्या पेशी अशाच एकमेकींना टाचलेल्या असतात. धाग्याचं नाव डेस्मोग्लीन. जंतूंवर जायच्या त्या अँटीबॉडी चुकून या धाग्यावरच उठल्यात. टाके उसवले की मधे पाणी साचतं, तोच फोड."

सुरुवात तोंडातूनच का, हे मी विचारलं. तोंडातल्या अस्तराची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लीन ३ वर, कातडीला डेस्मोग्लीन १ चाही आधार असतो. दोन्हींवर अँटीबॉडी झाल्या तेव्हा अंगावर उठलं. आई मधेच म्हणाली, "आणि टाके शाबूत, पण खालचं अस्तरच सुटलं तर?" तुम्ही चकित झालात. तो वेगळा आजार, पेम्फिगॉइड. त्यातले फोड टणक, सहज न फुटणारे, बहुतेक म्हातारपणी येणारे. सातवी शिकलेल्या माझ्या आईने तो प्रश्न विचारला, याचं मला अजून कौतुक वाटतं!

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तुम्ही तपासणीचा फोटो दाखवलात. काळ्यावर हिरवी जाळी, पेशी-पेशीच्या कडेने चिकटलेल्या अँटीबॉडी. आई बराच वेळ बघत राहिली. मग हळूच, "म्हणजे माझ्या हातून काही पाप नाही ना झालं?" तुम्ही म्हणालात, "नाही मावशी. आणि हे कुणाला लागतही नाही." असं म्हणून तिचा हात हातात घेतलात, हातमोजा न घालता. त्या रात्री ती झोपली.

स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब सगळं झालं, त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र त्या दहा मिनिटांसाठी.

आता भाकरी दुधात न कुस्करता खाते. पुढच्या तारखेला ओपीडीत असलात तर ठेचा चालेल का, ते तुम्हीच तिला सांगा. माझं ती ऐकत नाही.

तुमची,
खिडकीजवळच्या मावशींची मुलगी