गनर अंतर कसं ओळखायचा, तेही छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

1965 च्या युद्धावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, आवडला, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्याचं चिलखत आलं, आपल्या सेंच्युरियन रणगाड्याची तोफ आली, पण समोरचा रणगाडा किती लांब आहे हे आतल्या गनरला, म्हणजे तोफ डागणाऱ्याला, कळायचं कसं यावर एक ओळ नाही. अहो, सगळं त्यावरच तर अवलंबून!

गोळा सरळ रेषेत जात नाही, जाता जाता खाली येतो. शर्मन रणगाड्याच्या 76 मिमी तोफेचा चिलखतभेदी गोळा सेकंदाला 800 मीटरच्या आसपास वेगाने सुटायचा, म्हणजे हजार मीटरवर पोचेपर्यंत 8-9 मीटर खाली. म्हणून तोफेच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीत, अंतराच्या खुणा असतात, आणि अंदाज दोनशे मीटरने चुकला की गोळा एकतर डोक्यावरून जातो नाहीतर अलीकडे मातीत.

माझे काका रणगाड्यावर गनर होते. सुट्टीवर आले की मळ्याच्या वाटेवर मध्येच थांबवायचे, "त्या बाभळीपर्यंत किती रे?" मी म्हणायचो तीनशे, मग पावलं टाकत मोजायचं, निघायचे चारशेच्या वर. मध्ये ओढ्याचा खोलगट भाग आला की पलीकडचं झाड जवळ वाटतं, हे त्यांनी तिथेच उभं करून दाखवलं होतं.

दुर्बिणीत मिलच्या (मिल म्हणजे कोन मोजायचं छोटं माप) रेघा असतात त्यांचं गणित सोपं आहे, हजार मीटरवर एक मीटर रुंदी म्हणजे एक मिल. पॅटन समोरून 3.6 मीटर रुंद, तो चार मिल भरला की अंतर 900 मीटर. पण तोच तिरपा उभा असला किंवा अर्धा उसात असला की झालं, गणित बोंबललं.

पॅटनमध्ये स्टीरिओ रेंजफाइंडर, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघून अंतर मोजायचं यंत्र, होता, पण त्याला दोन्ही डोळे सारखे चांगले लागायचे आणि सरावही भरपूर. आपल्या सेंच्युरियनवर तो नव्हता, कमांडर नजरेने अंतर सांगायचा, गोळा कुठे पडला बघून दुरुस्ती द्यायचा. आता त्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळ लढाई झाली, तिथे उभा ऊस, शेतांत पाणी सोडलेलं, रणगाडे काहीशे मीटरवर समोरासमोर, तिथे रेंजफाइंडर काय कामाचा? सेंच्युरियनच्या 20 पाउंडर तोफेचा सॅबो गोळा (बाहेरचं आवरण सुटताच गळून पडणारा बारीक चिलखतभेदी गोळा) सेकंदाला 1400 मीटरहून वेगवान, पाचशे मीटरवर जेमतेम दोन फूट खाली येतो, अंदाज शंभर मीटर इकडेतिकडे झाला तरी लागणारच. जवानांचं धाडस आणि जागेची निवड तर होतीच, पण माझ्या मते हेही लेखात यायला हवं होतं.

एक विनंती. नगरच्या रणगाडा संग्रहालयात मुलांना खऱ्या साइटला डोळा लावून बघता यायला हवं, तुम्ही पेपरातून हा विषय लावून धरा. खर्च काहीच नाही, दहा मीटरवरच्या भिंतीवर चार सेंटिमीटर रुंदीचा पॅटन रंगवला की तो 900 मीटरवरच्या खऱ्या पॅटनएवढाच दिसतो.

आपला एक नियमित वाचक