दोन क्षेत्रांच्या सायटेशनची बेरीज

संपादक महोदय,

खगोलभौतिकी आणि संगणक नेटवर्किंग अशा दोन क्षेत्रांत काम करणाऱ्या एका अभ्यासकाचा परिचय आपल्या विज्ञान पुरवणीत वाचला. त्यात त्यांचे एकूण सायटेशन (म्हणजे त्यांच्या निबंधांचा इतर निबंधांत किती वेळा संदर्भ घेतला गेला ती संख्या) आणि त्यावरूनच काढलेला एच-इंडेक्स हे आकडे ठळकपणे दिले होते. त्यांनी नेमके काय शोधले, यासाठी मात्र जेमतेम दोन ओळी होत्या. त्या अभ्यासकांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही. दोन भिन्न क्षेत्रांतील सायटेशन एकत्र करून काढलेला आकडा काहीच सांगत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली मांडली. ज्याच्या किमान २० शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा संदर्भ घेतला गेला आहे, पण २१ निबंधांचा प्रत्येकी २१ वेळा नाही, त्याचा एच-इंडेक्स २०. जीवशास्त्रज्ञांचे आकडे भौतिकशास्त्रज्ञांपेक्षा चढे असतात, हे खुद्द हिर्श यांनीच तेव्हा नोंदवले होते. म्हणजे वेगवेगळ्या क्षेत्रांची सरळ तुलना करता येत नाही, हे पहिल्यापासून माहीत होते. त्यात हा निर्देशांक बेरजेचे नियम पाळत नाही. समजा एखाद्याचा खगोलभौतिकीतील एच-इंडेक्स १५ आहे आणि नेटवर्किंगमधीलही १५ आहे, तर दोन्ही मिळून तो १५ ते ३० यांपैकी काहीही येऊ शकतो. दोन्हीकडच्या पहिल्या पंधरा निबंधांना जेमतेम पंधरा-पंधरा सायटेशन असतील तर तो पंधरावरच राहतो, प्रत्येकाला तीस किंवा त्याहून अधिक असतील तर तीसवर जातो. वाचकाला दिसतो तो शेवटचा आकडा, आणि त्यामागे कोणते चित्र आहे हे त्यातून कळण्याची सोय नाही.

या दोन क्षेत्रांतील लेखनाच्या रीतीही फार वेगळ्या आहेत. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीविषयीच्या फेब्रुवारी २०१६ मधील निबंधावर एक हजाराहून अधिक लेखकांची नावे आहेत, तर दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे निरीक्षण मांडणाऱ्या २०१७ च्या निबंधावर साडेतीन हजारांहून अधिक. अशा मोठ्या गटांत नावे बहुधा वर्णानुक्रमाने येतात, त्यामुळे कोणाचे नाव कितवे आहे यावरून योगदानाचा अंदाज बांधता येत नाही. सायटेशन मात्र प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होते. याउलट नेटवर्किंगमधील निबंधावर सहसा मोजकीच नावे असतात आणि त्या क्षेत्रातील उत्तम काम नियतकालिकांपेक्षा सिगकॉमसारख्या परिषदांमध्ये आधी प्रसिद्ध होते. खगोलभौतिकीत परिषदेतील निबंधाला तेवढे वजन नसते. म्हणून सायटेशन मोजणाऱ्या ज्या डेटाबेसमध्ये परिषदांची नोंद अपुरी असते, त्यात नेटवर्किंगचा अभ्यासक विनाकारण फिका दिसतो, आणि प्रबंधांपासून तांत्रिक अहवालांपर्यंत सर्व काही मोजणाऱ्या गूगल स्कॉलर या शोधसेवेवर तोच अभ्यासक एकाएकी उजळतो. बातमीत डेटाबेसचे नाव नसेल, तर आकड्याला अर्थ उरत नाही.

प्रभाव आणि सायटेशन यांच्यातील अंतर नेटवर्किंगमध्ये विशेष जाणवते. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळचेच बर्कली विद्यापीठ यांच्यातील इंटरनेट जोडणीचा वेग माहितीच्या कोंडीमुळे सेकंदाला ३२ हजार बिटवरून अवघ्या ४० बिटवर घसरला होता. या कोंडीवरचा उपाय संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या सिगकॉम परिषदेत मांडला. त्यांच्या निबंधाला भरपूर सायटेशन आहेत, पण त्यातील कल्पना आज इतक्या यंत्रांत अंतर्भूत आहे की ती वापरणाऱ्या कोट्यवधींपैकी कोणालाही निबंधाचा उल्लेख करण्याचे कारण पडत नाही. खगोलभौतिकीत हे अंतर कधी वेगळ्या रीतीने दिसते. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली कोमा दीर्घिकासमूहात न दिसणारे वस्तुमान असल्याचा निष्कर्ष काढला, पण पुढची काही दशके त्याकडे फारसे कोणी वळले नाही. त्या काळात कोणी एच-इंडेक्स मोजला असता तर झ्विकींच्या या कामाने त्यात नगण्य भर घातली असती.

दोन्ही क्षेत्रांच्या सीमेवरच्या कामाची उपेक्षा तर याहून अधिक होते. कृष्णविवराच्या २०१९ मधील पहिल्या प्रतिमेसाठी जगभरच्या दुर्बिणींनी २०१७ साली जमवलेली काही पेटाबाइट (एक पेटाबाइट म्हणजे सुमारे दहा लाख गिगाबाइट) माहिती हार्ड डिस्कमध्ये भरून विमानाने न्यावी लागली, कारण नेटवर्कवरून ती पाठवणे व्यवहार्य नव्हते. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कना तर तिथला हिवाळा संपेपर्यंत थांबावे लागले. (नेटवर्किंगवाल्यांना हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.) दुर्बिणींची माहिती वेगाने वाहून नेणारी जाळी उभारणारा अभ्यासक खगोलशास्त्रज्ञांच्या निबंधात अनेकदा फक्त आभाराच्या परिच्छेदात सापडतो, आणि आभार मोजले जात नाहीत.

आणखी एक व्यावहारिक बाब. एकाच नावाखाली इतकी भिन्न क्षेत्रे दिसली, तर ती एकच व्यक्ती आहे का, हे आधी तपासावे. आपोआप तयार होणाऱ्या सूचींमध्ये समान नावाच्या दोघांचे निबंध एकत्र येणे मुळीच दुर्मीळ नाही. नेमक्या याच घोटाळ्यासाठी २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळख क्रमांक दिला जातो.

यापुढे असा परिचय छापताना आकडे द्यायचेच असतील, तर ते क्षेत्रनिहाय वेगळे द्यावेत, डेटाबेसचे नाव आणि पाहिल्याची तारीख नोंदवावी, आणि त्या अभ्यासकाच्या दोन-तीन महत्त्वाच्या निबंधांत काय आहे हे त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक