विरोधी बाकावरच्या लेकीला

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

नवोदय विद्यालयात संसदेच्या बैठकीची नक्कल करतात, त्या युवा संसदेत तुला मंत्रिपद मिळालं नाही म्हणून फोनवर हिरमुसली होतीस. तासाभराच्या बैठकीत तुझ्या वाट्याला एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आणि शेवटी घोषणा देत सभात्याग, एवढंच. मला विचारशील तर सगळ्यात चांगलं काम तुलाच मिळालंय.

मंत्र्याने तयार उत्तर वाचायचं असतं. खऱ्या लोकसभेतही तारांकित प्रश्नाची नोटीस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिकारी उत्तर बांधून देतात. मंत्र्याचा कस लागतो तो त्या उत्तरावर लगेच विचारलेल्या उपप्रश्नाला, कारण तो आधी कुणाला ठाऊक नसतो. तुमच्याकडे मात्र उपप्रश्नही लिहून मिळालेत आणि त्यांची उत्तरंही! मग हे स्नेहसंमेलनातलं नाटकच झालं की. गंमत म्हणजे, अशा संसदा शाळा-कॉलेजांत भरवण्याची शिफारस केली ती १९६२ साली मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या परिषदेने. प्रतोद म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत पडतंय ना, हे बघणारा माणूस!

तेव्हा सरांना विचारून एक उपप्रश्न तुझा तू लिही. आवाज चढवू नकोस, आकडा शोध. १९६३ साली समाजवादी नेते राममनोहर लोहिया पोटनिवडणुकीत निवडून आले आणि लोकसभेत म्हणाले, देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकार म्हणालं, पंधरा आणे. नेहरूंच्या पाठीशी केवढं बहुमत, तरी त्या तीन आण्यांचा हिशेब सरकारला द्यावाच लागला.

ग्रामपंचायतीत मी हेच बघते. ग्रामसभेत ‘पाणी का येत नाही?’ म्हणून कितीही ओरडा, ‘बघतो, करतो’ यापुढे गाडी जात नाही. ‘टाकीचं काम कुठल्या तारखेला पूर्ण दाखवलंय आणि बिल कुठल्या ठरावाने मंजूर झालं?’ असं विचारलं की दप्तर उघडावंच लागतं. त्यानंतर चार दिवस काही जण माझ्याशी बोलत नाहीत, तेही चालतं.

शिक्षणमंत्री तुझ्याच खोलीतली आहे ना? तिला प्रश्न आधी फोडू नकोस. बैठक संपल्यावर अबोला मात्र धरायचा नाही. आणि सभात्याग करायचाच तर तिचं उत्तर पुरतं ऐकून मग उठ.

युवा संसदेत नेसायची सुती साडी पालकसभेला येताना आणते. निळ्या काठांची चालेल का, ते रविवारच्या फोनवर सांग.

तुझी,
आई