छाटलेली टोकं

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं, आणि त्यातला टोमणाही पोचला. ‘झाडं मुळांनी जेवतात, हे पोरालाही ठाऊक आहे, मग तू बुरशीचं काय घेऊन बसलायस?’ सांगतो, पण आधी माझा गाढवपणा ऐक.

पाइनचं एक रोप कुंडीत लावायचं होतं. मुळांना जंगलातली माती चिकटलेली आणि टोकांवर पांढरट बुरशी. मला वाटलं, कीड लागली. मुळं नळाखाली लख्ख धुतली, बुरशी लागलेली टोकं कात्रीनं छाटली आणि उकळून निर्जंतुक केलेल्या मातीत रोप लावलं. काही महिन्यांत सुया जांभळट पडल्या, वाढ खुंटली, आणि रोप गेलं. जांभळा रंग ही स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फरसच्या, उपासमारीची खूण. रोप वाचवायच्या नादात मी त्याचं तोंडच कापलं होतं, हे नंतर उमगलं.

पुढे दुसऱ्या एका रोपाचं मूळ भिंगाखाली धरून पाहिलं. पाइनची बारीक टोकं आखूड, जाडसर, बेचकीसारखी दुभंगलेली असतात. केशमुळं शोधूनही सापडली नाहीत. प्रत्येक टोकावर बुरशीचा मखमली मोजा चढवलेला! म्हणजे त्या टोकाचा मातीशी थेट संबंधच उरत नाही. जे आत जाईल ते मोज्यातून. याच बुरशीचे तंतू आत मुळाच्या पेशींमध्ये न शिरता त्यांच्या फटीफटींतून जाळं विणतात. त्याला हार्टिग जाळं म्हणतात. देवघेव तिथे चालते: झाडाकडून साखर, बुरशीकडून स्फुरद आणि नत्र.

झाडाला हा मध्यस्थ लागतो कशाला? कारण स्फुरद जागचं हलत नाही. ते लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम यांना चिकटून बसतं. मूळ हाताशी आहे तेवढं शोषतं, की भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा. पुढचं मिळवायचं तर नवं मूळ वाढवा, आणि ते महागात पडतं. बुरशीचा तंतू मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा. मूळ जिथे डोकं घालू शकत नाही अशा भेगांत तो शिरतो, रिकामा पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढे जातो. मिळालेलं फॉस्फेट लांब साखळीत ओवतो आणि तसंच मुळापर्यंत पोचवतो.

नत्राची गोष्ट आणखी बेरकी आहे. जंगलातलं बरंचसं नत्र कुजत्या पाचोळ्यात अडकलेलं असतं. यातल्या काही बुरशी विकरं (एन्झाइम) सोडून त्यातली प्रथिनं तोडतात. काही तर शिकारी निघाल्या! 2001 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लॅकॅरिया बायकलर या बुरशीनं स्प्रिंगटेल नावाचे मातीतले इवले, उड्या मारणारे जीव मारले आणि त्यांचं नत्र पाइनच्या रोपाला पोचवलं. रोपातल्या एकूण नत्राचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या जीवांचा होता. आता बोल, शाकाहारी कोण?

1997 मध्ये फेल्डस्पार या दगडातल्या खनिजाच्या कणांत बारीक बोगदे सापडले, तेव्हा ‘दगड खाणारी बुरशी’ म्हणून गाजावाजा झाला. मीही हुरळलो होतो. बुरशी ऑक्झॅलिक आम्लासारखी आम्लं सोडते हे खरंच, पण दगड झिजण्याच्या एकूण कामात त्या बोगद्यांचा वाटा थोडाच, असं पुढे दिसलं.

या नात्याला ‘मायकोरायझा’, म्हणजे बुरशी-मूळ, हे नाव 1885 मध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी दिलं. प्रशियाच्या सरकारनं त्यांना ट्रफलची लागवड जमते का ते बघायला सांगितलं होतं. शोधायला गेले एक, हाती लागलं भलतंच.

तू लिहितोस तसं ‘झाडांचं प्रेमळ कुटुंब’ मात्र मला त्यात दिसत नाही. हा रोखठोक व्यवहार आहे. मातीत नत्र मुबलक झालं की झाडं साखरेचा हात आखडता घेतात आणि बुरशीच्या छत्र्या उगवणं कमी होतं. उलट उत्तरेकडच्या नत्राची टंचाई असलेल्या जंगलांत बुरशीच नत्र स्वतःकडे दाबून ठेवते आणि झाडाची भूक वाढवते, असा तर्क स्वीडनच्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडला. मला तो पटतो. गरज आहे तोवर दोघं टिकून आहेत, एवढंच.

सध्या तिसरं रोप लावलंय. या खेपेला जुन्या पाइनखालची ओंजळभर माती कुंडीत मिसळली. परवा कुंडी उचलून पाहिली, तर तळाच्या भोकातून पांढरे तंतू डोकावत होते. हात शिवशिवले, पण कात्री काढली नाही. पाणी घातलं आणि कुंडी होती तिथे ठेवली.

तुझा,
विनय