पासपोर्ट बदलला, त्याविषयी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बातमी पहिल्याच ओळीत सांगते. मी जर्मनीचं नागरिकत्व घेतलं. गेल्या आठवड्यात स्टुटगार्टच्या कार्यालयात प्रमाणपत्र मिळालं, माझं आणि रेवाचं. अनिकेतने अजून अर्ज केलेला नाही, त्याचं तो ठरवेल. माझा भारतीय पासपोर्ट आता वकिलातीत जमा करायचा आहे. त्यावर रद्दचा शिक्का बसेल आणि तो मला परत मिळेल. मी तो जपून ठेवणार आहे.

फोनवर मुद्दाम सांगितलं नाही. फोनवर बाबा "बरं बरं, तुला योग्य वाटतं ते कर" म्हणतात आणि मग दोन दिवस धड जेवत नाहीत. आई तू लगेच म्हणतेस, रेवाकडे दे फोन. कागदावर लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचता येतं, भांडायचं असेल तर ओळीवर बोट ठेवून भांडता येतं. आधी विचारलं का नाही, तेही सांगते. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात. माझ्यासाठी हो म्हणाला असतात, आणि ते ओझं तुमच्या डोक्यावर राहिलं असतं. निर्णय माझा आहे, ओझंही माझ्याकडेच असू दे.

बाबा, हे वाचता वाचता तुम्ही सोप्यातल्या ताम्रपटाकडे बघाल, हे मला माहीत आहे. 9 सप्टेंबर 1942, वडूजचा मोर्चा. परशुराम घार्गे पोलिसांच्या गोळीने पडले तेव्हा आजोबा किती मागे होते, ते तुम्ही आम्हाला अंगणात पावलं टाकून दाखवायचात. बाळूला आणि मला आळीपाळीने आजोबा व्हायला मिळायचं. स्वातंत्र्यसैनिक म्हणून आजोबांना 1972 साली आलेला तो ताम्रपट आजी दर पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी चिंचेने घासायची, आता आई घासते. त्या घरातल्या मुलीने पासपोर्ट परत करावा, हे तुम्हाला लागणार. मलाही लागलं. सही करताना आजोबांचाच विचार मनात होता. पण त्यांनी ज्याच्यासाठी गोळ्या समोर घेतल्या, ते स्वतःचं सरकार स्वतः निवडता यावं यासाठी, असं तुम्हीच शिकवलंत. मी इथे नोकरी करते, कर भरते, रेवा इथल्या शाळेत जाते, आणि मला नगरपालिकेलासुद्धा मत देता येत नव्हतं. युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला इथे कुठल्याच निवडणुकीत मत नाही. फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत बाहेरून आलेल्या लोकांच्या विरोधात बोलणारा पक्ष दुसऱ्या क्रमांकावर आला. त्या रात्री मी टीव्हीसमोर नुसती बसून होते. (आई, घाबरू नकोस. आमच्या गल्लीत सगळं शांत आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी रेवाला शाळेतून आणतात आणि तिच्यासाठी केक करून ठेवतात.)

तुम्ही म्हणाल, मग दोन्ही पासपोर्ट ठेव की. जर्मनीने 27 जून 2024 पासून ती मुभा दिली आहे, पण आपल्याकडे ती नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप जातं. दोन्ही ठेवता आले असते तर मी दोन्ही ठेवले असते, एवढं माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करा.

आणि मताहून मोठं कारण तुम्ही दोघं आहात. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी आले, पण सगळा वेळ कॅलेंडर डोक्यात होतं. माझ्याकडे इथे राहायचा जो परवाना होता, तो सलग सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिलं की रद्द होतो. आधी मंजुरी काढली तर मुदत वाढवून मिळू शकते, पण ती देणं त्यांच्या हातात. उद्या तुमच्यापैकी कुणाला माझी वर्षभर गरज लागली तर मी काय केलं असतं? आता तो प्रश्नच उरला नाही. जर्मन पासपोर्ट असला की मी कितीही दिवस बाहेर राहू शकते. आणि भारतासाठी ओसीआय कार्ड काढणार आहे, म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. कितीही दिवस राहा, पोलिसात नोंद करायला नको. बाबा, भारतीय पासपोर्ट असताना मला तुमच्याजवळ जितकं राहता आलं नसतं, तितकं आता राहता येईल. ऐकायला उलटं वाटतं, पण कायदा असाच आहे.

मत आणि निवडणुकीला उभं राहणं मात्र गेलं. शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण परदेशात राहत असल्यामुळे ती आधीही घेता येत नव्हती. गोखले काकांनी तुम्हाला काहीतरी घाबरवून सोडलं आहे असं बाळू म्हणाला, म्हणून स्पष्ट लिहिते. आपली जमीन कुठेही जात नाही. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन बक्षीसपत्राने देता येत नाही, पण हे मी भारतीय नागरिक होते तेव्हाही असंच होतं. वारसाने येते, ती तेव्हाही येत होती आणि आताही येते. ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं नाही, म्हणून याबद्दल इथेच थांबते. सातबारा आहे तसा राहू द्या आणि कुणाच्या सांगण्यावरून घाईघाईने काही फेरफार करू नका. विहिरीच्या बाजूचा तुकडा बाळूला द्यायचा आहे, तो खुशाल द्या, माझी काही हरकत नाही, तेव्हाही नव्हती.

आता जे खरं सांगायचं आहे ते.

मला भारतीय असल्याचं पहिल्यांदा इथे आल्यावर कळलं. फलटणला मी मास्तरांची मुलगी होते. पुण्याच्या वसतिगृहात मी 'साताऱ्याकडची' झाले, माझ्या बोलण्यावरून ओळखू यायची. भारतीय आहे असं मला कुणी म्हणायचं कारणच नव्हतं. इथे ऑफिसात पहिल्याच आठवड्यात हैदराबादच्या एका मुलीने मला जेवायला बोलावलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी. पीठ आणि कोथिंबीर मिळते ते दुकान लाहोरच्या माणसाचं आहे. त्यांच्या आजोबांचं गाव जालंधरजवळ होतं. त्यांनी मला फाळणीबद्दल जे सांगितलं, ते आपल्याकडे कुणी कधी बोललं नव्हतं, कारण आपल्या भागात ते घडलंच नाही. मी देश शिकले तो असा, दुसऱ्यांच्या घरांतून.

आणि प्रश्न. जेवणाच्या सुट्टीत लोक विचारतात, तुमच्याकडे जात अजून आहे का? फलटणला मला हे कुणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं. इथे उत्तर द्यावं लागलं. पहिली काही वर्षं मी देशाची बाजू सावरून घ्यायची. शहरात आता तसं नाही, कायद्याने बंदी आहे, असं. मग एकदा तुम्ही सांगितलेली शाळेतल्या माठाची गोष्ट सांगितली. वरच्या आळीतल्या पालकांनी मुलांना घरून पाण्याच्या बाटल्या द्यायला सुरुवात केली तेव्हा तुम्ही वर्गात उभं राहून त्या माठातलं पाणी प्यायलात, आणि रोज प्यायलात, ती. ती सांगताना माझा आवाज भरून आला, आणि त्या दिवशी मला माझ्या देशाबद्दल जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. लाज आणि अभिमान एकाच गोष्टीत असतात, ते सावरून घेऊन कळलं नसतं.

इथले लोक ते उघडपणे करतात. आमच्या रस्त्यावर फुटपाथमध्ये पितळी पाटीचे छोटे चौकोनी दगड बसवले आहेत. त्या घरात राहणाऱ्या ज्यू माणसाचं नाव, जन्मसाल, कधी धरून नेलं, कुठे मारलं. युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. आमच्या दारापासून जवळच एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा आहे. रेवा तो घासते, शाळेतून सगळी मुलं एकदा घासायला गेली होती तेव्हापासून. तिला तसं घासताना बघून मला चिंचेचं बोटुक हातात घेतलेली आजी आठवते. आजीने ज्याचा अभिमान होता ते घासलं, ही ज्याची शरम आहे ते घासते. बाबा, नागरिकत्व घेताना नाझी राजवटीच्या अत्याचारांबद्दल या देशावर जी खास जबाबदारी येते, ती मला मान्य आहे असं जाहीर करावं लागतं. परीक्षा सोपी होती, 33 प्रश्नांपैकी 17 बरोबर आले की झालं. पण हे जाहीर करणं सोपं नव्हतं. ज्यात आपल्या घरातलं कुणी नव्हतं, ती जबाबदारी मी स्वतःहून घेतली. तुमच्या शाळेत वाढलेल्या मुलीला ती घेता आली, असं मला वाटतं.

आई, तुझ्या इरावतीबाई कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला आल्या होत्या. मुधोजी कॉलेजात तू त्यांना वाचायचीस, त्या वह्या अजून फडताळात आहेत. त्यांच्या गुरूंचं, ओयगेन फिशर यांचं म्हणणं होतं की गोऱ्या लोकांची कवटी एका बाजूला मोठी असते, म्हणून त्यांची बुद्धी जास्त तर्कशुद्ध. बाईंनी त्यांच्याच संस्थेत बसून कवट्या मोजल्या आणि तसं काही आढळत नाही, असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, एकटीने. जन्म ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या इरावदी नदीवरून, डॉक्टरेट जर्मनीतली. आणि पुढे आळंदीहून पंढरपूरला चालताना त्यांना महाराष्ट्राची व्याख्या सापडली, ज्या देशाचे लोक पंढरीच्या वारीला जातात तो महाराष्ट्र. मला ही व्याख्या फार आधार देते. त्यात कुठे जन्मलात, कुठला कागद आहे, हे नाही. चालता का, एवढंच आहे.

बाबा, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात. अश्व धावत गेला की खाली उतरवून त्याच्या टापांखालची माती माझ्या कपाळाला लावायचात, आणि मी घरी येईपर्यंत ती पुसू द्यायची नाही म्हणून कपाळावर हात धरून बसायची. तुमच्या टोपीला बुक्क्याचा वास यायचा. रेवालाही तुम्ही तसंच न्यायचं आहे, पण खांद्यावर घ्यायचं नाही. ती आता जड झाली आहे आणि तुमच्या छातीत स्टेंट आहे.

आमची काळजी करू नका. घर गरम असतं, खिडकीच्या काचा दुहेरी आहेत. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी मी करते, अनिकेत थापायला शिकतोय. तू दिलेलं मेतकूट अजून आहे. रेवा घरात मराठीच बोलते, शनिवारी इथली मराठी मुलं जमतात तिथे तिने मनाचे श्लोक म्हणून दाखवले. तिचं माहेरपण फलटणलाच होईल असं ती आत्तापासून सांगते, कारण तिचा जन्म तिथला, हे तिला कुणीतरी (बहुतेक तूच) पक्कं सांगितलं आहे.

आता ऐका. बाबा, रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला तुम्ही जायचं नाही. वाटेकऱ्याला सांगून ठेवा, त्याला त्याचे जास्तीचे पैसे मी पाठवते. बांधावर बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. न्हाणीघरात पकडायला दांडी बसवून घ्या, बाळूला मी सांगितलं आहे, तो रविवारी माणूस घेऊन येईल, त्याला चहा पाजून परत पाठवू नका. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढणं बंद. कुरडया या वर्षी करू नकोस, विकत मिळतात. रक्तदाबाची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर करायचं ठरलं होतं, ते नक्की कर, त्या वेळी मी तिथे असेन आणि या वेळी डोक्यात तारीख नसेल.

पालखी फलटणला येईल त्याआधी मी पोचते. दिंडीच्या पिठलं-भाकरीला लागेल ते बेसन आत्ताच भरून ठेवा, नंतर महाग होतं. तरडगावपासून फलटणपर्यंत या वर्षी बाबांच्या जागी मी चालणार आहे. बाबा, तुम्ही जीपने या आणि विमानतळावर तळ पडतो तिथे थांबा. गर्दीत शिरू नका, सावलीला बसा, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

या पत्राचं उत्तर लिहा, फोन करू नका. रागावला असाल तर तेही लिहा. आईने वेगळ्या कागदावर लिहावं, बाबांच्या पत्राखाली दोन ओळी नकोत.

तुमची,
ताई